ब्रेकची वायर आणि चांद्याचा कासरा

१२ जुलै १९७३, गुरुवार

गेल्या वर्षीच्या दुष्काळाने मला कॉलेजात शिकवले, असे मी कोणाजवळ बोलले तर लोक मला वेड्यात काढतील. म्हणून ते येथे लिहिते. गेल्या पावसाळ्यात पाऊसच झाला नाही. आमच्या गावापासून शेलूबाजारच्या फाट्यापर्यंतचा दोन कोसांचा गाडरस्ता वर्षभर कोरडा ठणठणीत राहिला. मधल्या नाल्यात पाऊल बुडेल एवढेही पाणी आले नाही. मी रोज सकाळी चालत फाट्यावर जाई आणि वाशीमची एस.टी. पकडी. बाबा खडी फोडायला जात होते, माय लांबून पाण्याचे हंडे आणीत होती, आणि मी वर्गात बसून संस्कृतची रूपे लिहून घेत होते. वर्षाच्या शेवटी मी पहिली आले ती अशी.

यंदा पाऊस उत्तम आहे. कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याला लागली आहे, आणि बाबा, जे कधी गात नाहीत, ते गोठ्यात काहीतरी गुणगुणताना ऐकू येतात. गाडरस्त्यावर मात्र पाय टाकला की काळी माती शेर-दोन शेर चिकटून वर येते. बैलगाडी आसापर्यंत रुतते. कॉलेज उघडून तिसरा आठवडा चालू आहे आणि मी दोनच दिवस जाऊ शकले. दुसऱ्या दिवशी वर्गात पोहोचले तेव्हा माझ्या पायांकडे पाहून पुढचा बाक हसला. वसतिगृहातून उत्तर आले, जागा नाही. हजेरी तीन चतुर्थांश भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत.

ज्या पावसाने सारे गाव सुखी आहे, त्याबद्दल कुरकुर करणे मला शोभणार नाही. म्हणून मनाशी ठरवले आहे : पोळ्यापर्यंत वाट पाहायची, तोवर काही मार्ग निघाला नाही, तर नाव काढून घ्यायचे. पुस्तके घरीही वाचता येतात. त्यांना हजेरी लागत नाही.

१५ जुलै, रविवार

आज दादाने एक मोटारसायकल आणली. ‘आणली’ हे क्रियापद सैल आहे. ती पुढून चांद्याने ओढली, मागून दादाने आणि भाऊसिंगांनी ढकलली, आणि तिन्ही जीव सारख्याच रंगाचे होऊन अंगणात आले. चांद्या म्हणजे आमच्या जोडीतला डावा बैल.

दादा अकोल्याला आय.टी.आय. करून आल्यापासून शेलूबाजारला मोटारदुरुस्तीच्या दुकानात आहे. पावसाळ्यात तो तेथेच झोपतो आणि रविवारी घरी येतो. ही गाडी लष्कराच्या लिलावातून कोणीतरी घेतली, तिला चालवून कंटाळला आणि दादाच्या गळ्यात टाकून मोकळा झाला.

“जानराव, हे कायचं सांगाडं आनलं बापा?” मायने विचारले.

“गाडी हाये माय. लष्करातली.”

शेजारचे चंपतकाका कुंपणावर हात टेकून उभे होते. ते वांगी-मिरच्या पिकवतात आणि जगातील प्रत्येक वस्तूविषयी मत बाळगतात. “लडाईत मेली असन,” ते म्हणाले, “म्हनून त सरकारनं ईकली.”

भाऊसिंगांचा तांडा नाल्यापलीकडे आहे. त्यांच्या म्हशी आहेत. दादाने सांगितले की गाडी चिखलात चालेल अशी करून घ्यायची आणि तांड्याचे दूध तिच्यावरून शेलूबाजारला पोहोचवायचे. “माह्या म्हशी दूध देतेत,” भाऊसिंग म्हणाले, “पन नाला पार करता करता त्याचं दही होते.”

बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, नवा बैल पारखतात तशी. मग बैलांना पाणी दाखवायला गेले. नापसंती असती तर बोलले असते.

२२ जुलै, रविवार

गाडीचे रूप पालटत आहे. काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये भरून चाक अडते, म्हणून पुढचे मडगार्ड चाकापासून वीतभर उंच बसवले. चाकाला धरणारे दोन दांडे लांब केले; त्यांच्या आत स्प्रिंगा असतात, खड्ड्यात चाक वरखाली होते ते त्यांच्यामुळे. दुसऱ्या कुठल्या गाडीचे रुंद, उंच हँडल आणून लावले. त्यामुळे हँडलवरच्या ब्रेकच्या मुठीपासून चाकापर्यंत जाणारी वायर अपुरी पडली, म्हणून लांब वायर मागवली. दादाने ती गाडीच्या अंगाशी जागोजागी बारीक तारेने करकचून बांधून टाकली. पऱ्हाटीतून जाताना सैल लोंबणारी प्रत्येक वस्तू काड्यांत अडकते, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असते. आम्ही वखराची दोरीसुद्धा सैल ठेवत नाही.

दुपारी दादाने हाक मारली. “वच्छे, इकडे ये वं. मांगं बसून पाह्य.”

“मी कायले?”

“फयीची उंची पाह्यची हाय. कॅन ठेवाची फयी.”

मी दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसले. त्याने माझ्या पायांखाली विटा रचल्या, एक काढली, आणि फळीसाठी खडूने खूण केली. दुधाच्या कॅनला पाय नसतात, हे मी त्याच्या निदर्शनास आणून दिले. “लय शिकली तू,” एवढेच तो म्हणाला.

मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला त्याने तारेची जाळी बसवली आहे. पऱ्हाटीच्या काड्या चाकात जाऊ नयेत म्हणून, असे तो म्हणतो. काड्या उजव्या अंगानेही जाऊ शकतात. पण कारागिराच्या कामात फार तोंड घालू नये. शिवाय तो पत्र्याची एक पेटी करीत आहे, आणि तिच्या मापासाठी माझा संस्कृत शब्दकोश घेऊन गेला. मापाला वीटही चालली असती. शब्दकोशाला तेलाचे बोट लागले तर मी बोलणार आहे.

२९ जुलै, रविवार

आज पहिली फेरी. भाऊसिंग तांड्यावरून दोन कॅन घेऊन आले. अर्धे गाव नाल्याकडे गेले. मीही मायच्या आडोशाने गेले. गाडी चिखलातून खरोखरच चालली. मागचे चाक माती उडवीत होते आणि पुढचे चाक वाट काढीत होते; मी मायचा आडोसा सोडून पुढे झाले.

नाल्याच्या अलीकडे वाट डावीकडे वळून खाली उतरते. दादाने हँडल डावीकडे वळवले, आणि कोणी समोरून भिंत उभी करावी तशी गाडी जागच्या जागी थांबली. दादा हँडलावरून उडून चिखलात गेला. त्याच्यामागोमाग दूध.

लोक धावत पुढे गेले. दादा उठून बसल्यावर भाऊसिंग म्हणाले, “जानराव, माही म्हैस दूध सांडते त लाथ मारून सांडते. तुह्या गाडीनं त न मारताच सांडलं.”

दादाला फारसे लागले नाही. त्याने सांगितले की ब्रेकच्या मुठीला त्याचा हातही लागला नव्हता; ब्रेक आपोआप लागला. घरी आणून गाडी गोठ्याच्या भिंतीलगत स्टँडवर उभी केली, पुढचे चाक हाताने फिरवले. चाक भिरभिर फिरते. मूठ दाबली की थांबते, सोडली की फिरते. दोष काही दिसत नाही.

३१ जुलै, मंगळवार

दादा पडल्यामुळे दोन दिवस घरी आहे. मी माझे जुने पदार्थविज्ञानाचे पुस्तक काढून ब्रेक या विषयावर विचार केला. चाकाच्या ड्रममध्ये एक स्प्रिंग असते. मूठ सोडली की ती ब्रेकला मागे ओढते. ती स्प्रिंग जर थकलेली असेल, तर वळणावर बसणाऱ्या धक्क्याने ब्रेक लागत असला पाहिजे. दादाला हे समजावून सांगताना मी, जी चारचौघांत नाव सांगतानाही अडखळते, ती बराच वेळ बोलत होते. त्याने सारे ऐकून घेतले. “तू मॅट्रिकले केंद्रात पयली आली वं,” तो म्हणाला, “तू म्हनते त असनच.” तो अकोल्याहून नवी स्प्रिंग मागवणार आहे.

मला फार बरे वाटले.

५ ऑगस्ट, रविवार

नवी स्प्रिंग बसवली. दादा पुन्हा त्याच वळणावर पडला. या वेळी कॅनमध्ये पाणी होते, ही एकच सुधारणा.

संध्याकाळी मी दिवा पुसायला पडवीत गेले तेव्हा चुलीपाशी माय आणि दादा हळू आवाजात बोलत होते.

“पोरगी वायून गेली रे,” माय म्हणत होती. “सांगून टाक तिले.”

“तिले नोको सांगू माय. आंदी ब्रेक जमू दे. नाई जमला त मंग तिच्या जिवाले लागते.”

मी परत फिरले. अर्थ उघड आहे. माझ्या स्प्रिंगच्या सल्ल्यामुळे पूर्ण आठवडा वाया गेला, आणि ते मला कळून मी खट्टू होऊ नये म्हणून ती दोघे जपत आहेत. मी वाळलेली नाही. पण माझी माणसे किती चांगली आहेत, या विचाराने रात्री जेवण जास्तच गेले.

९ ऑगस्ट, गुरुवार

पाऊस. नाव काढून घेण्याचा अर्ज मनातल्या मनात तयार केला. भाषा चांगली साधली आहे.

१४ ऑगस्ट, मंगळवार

आज जे घडले ते नीट क्रमाने लिहिते, कारण त्यात माझी चूकही आहे.

पावसाने उघडीप दिली, म्हणून बाबा पऱ्हाटीच्या ओळींमधले तण काढायला, डवरणी करायला गेले. मी भाकर घेऊन गेले. बाबा बांधावर जेवायला बसले आणि मला म्हणाले, “घडीभर बैलायपाशी उभी राह्य. कासरा सोडू नोको.” माझ्याजवळ पुस्तक होते. एका हातात कासरा आणि एका हातात पुस्तक धरले, तर पान उलटता येत नाही. म्हणून मी दोन्ही बैलांचे कासरे जुवाला आखूड करून बांधून टाकले आणि वाचू लागले. बैल जागचे हलले नाहीत. मी मनात स्वतःचे कौतुकही केले.

बाबांनी येऊन डवरा धरला. सरळ तासात ते कासरा हातात घेतच नाहीत, नुसत्या तोंडाच्या आवाजाने हाकतात. त्यामुळे त्यांच्या काही लक्षात आले नाही. तास संपेपर्यंत जोडी छान चालली. शेताच्या कडेला, धुऱ्याजवळ, बाबांनी चांद्याला डावीकडे वळायला सांगितले. चांद्याने मान वळवली, आणि एकदम नाक वर करून जागच्या जागी थांबला. बाबांनी पुन्हा हाकले. त्याने पुन्हा मान वळवली, पुन्हा झटका खाऊन थांबला. एवढा गरीब बैल. त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

बाबा पुढे गेले. “कासरा जुवाले बांदला कोनं वं?”

मी पुस्तक मिटले. तेथे दुसरे कोणी नव्हतेच.

“वच्छे, कासरा जुवावरून जाते. जुवाले बांदत नसतेत,” बाबा गाठ सोडत म्हणाले. “जू काई वयत नाई. मान वयते. मंग नाक तानल नाई त काय होईन?”

ते रागावले नव्हते. चांद्याच्या नाकावरून हात फिरवीत होते. आणि मी धुऱ्यावर उभी राहून, पुस्तक छातीशी धरून, चांद्याकडे पाहण्याऐवजी दादाच्या गाडीकडे पाहत होते. ती तेथे नव्हती, तरी मला दिसत होती. सरळ तासात चालते. वळताना थांबते. डावीकडे.

गाडीचा सांगाडा, चासी, म्हणजे जू. हँडल म्हणजे मान.

१५ ऑगस्ट, बुधवार

झेंडावंदनाला दुकान बंद, म्हणून दादा घरी आला. भाऊसिंग आणि चंपतकाकाही अंगणात होते. मला दादाला एकट्याला सांगायचे होते. पण तो गाडीपाशीच बसला होता आणि ते दोघे हलण्याचे चिन्ह दिसेना. मी दोनदा पाणी नेऊन दिले. तिसऱ्यांदा नेले तेव्हा चंपतकाका म्हणाले, “पोरी, आमी काय उंट हाओत?”

तेव्हा मी म्हटले, “दादा, गाडी भिंतीपासून बाहेर घे.” याहून जास्त शब्द निघेनात.

ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती : गोठ्याजवळ गाडी उभी राहते तेथे एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला गव्हाण. हँडल पुरते वळतच नाही. प्रत्येक वेळी आम्ही चाक सरळ ठेवूनच तपासले होते. दादाने गाडी अंगणाच्या मध्यभागी आणली आणि पुढचे चाक अधांतरी राहील अशी उभी केली. मी चाक फिरवले, आणि मग हँडल हळूहळू डावीकडे वळवले. मुठीला कोणी शिवले नव्हते. चाक करकरले आणि थांबले.

दादाने वायरवर बोट ठेवले. ती तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली होती. हँडल सरळ केले, वायर सैल. वळवले, ताठ. त्याने ती मुठीजवळ हँडलला बांधली होती, खाली चाकाच्या दांड्याला बांधली होती, आणि मध्ये चासीच्या पुढच्या नळीलाही बांधली होती. मूठ वळते, चाक वळते; चासी तेवढी वळत नाही.

“कासरा…” मी म्हटले, आणि थांबले.

भाऊसिंगांनी मांडीवर थाप मारली. “अरे, गाडीची येसन जुवाले बांदली लेका तू!”

“आय.टी.आय.त बैल शिकवत नाईत काय, जानराव?” चंपतकाकांनी विचारले.

दादाचे कान लाल झाले. मग तो इतका हसला की त्याला खाली बसावे लागले. पकडीने त्याने चासीवरच्या सगळ्या गाठी कापून टाकल्या. वायर मोकळी झाली. हँडल डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. चाक फिरतच राहिले.

मला त्या फिरणाऱ्या चाकाकडे संध्याकाळपर्यंत पाहत बसायला आवडले असते. पण भाकरी करायच्या होत्या.

१९ ऑगस्ट, रविवार

वळणावर गाडी वळली. नाल्यात उतरली. दगडांवरून उडत पलीकडे गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि पलीकडे दादा गाडी थांबवायला गेला तर ब्रेकच नाही. एका बाभळीने त्याला थांबवले.

आता वायर मोकळी असल्यामुळे चाक दगडावर वर उचलले गेले की ती बाहेर फुगते आणि टायरच्या दातऱ्यांना घासते. वरचे वेष्टन सोलून आतली तार तुटली होती. “बांदली त अडते,” दादा अंगातले काटे काढीत म्हणाला, “सोडली त चाक खाते. काय करू वं?”

त्याने मला विचारले, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. स्प्रिंगनंतरही विचारले.

२१ ऑगस्ट, मंगळवार

या वेळी पुस्तक काढले नाही. दादा सोमवारी दुकानातून नवी वायर घेऊन आला होता. तिच्यावर मी माझ्या टाकाच्या निळ्या शाईने एक खूण केली आणि तिच्यासमोर दांड्यावर दुसरी. मग दादा हँडलावर सारा भार टाकून गाडी खाली दाबी आणि सोडून देई, व मी खुणा पाही. भार पडला की वायरवरची खूण दांड्यावरच्या खुणेपासून चार बोटे सरकते. म्हणजे तिला तेवढे सरकू दिलेच पाहिजे. पण सरकताना बाहेर जाऊ देता कामा नये. गाठ नको. नुसते घर हवे, ज्यातून ती ये-जा करील.

दादाने पत्र्याचे कडे करून पाहिले. पत्रा वायरलाच कापू लागला.

“कसा बशीन वं हा ब्रेक?” दादा म्हणाला. मग एकदम, “तुही एस.टी. फाट्यावर किती वाजता येते?”

मी वेळ सांगितली. दुधाची गाडी त्याच सुमारास येत असावी.

२८ ऑगस्ट, मंगळवार

काल पोळा होता. धर्मांतरानंतर बाबांनी पोळ्याची पूजा सोडली, तोरणाखालीही जोडी नेत नाहीत. पण बैलांना त्या दिवशी जू लावत नाहीत. त्यांना नाल्यावर नेऊन धुतात, खांदे हळद-लोण्याने मळतात आणि पोटभर ढेप चारतात. “पूजा देवाची असते,” ते म्हणतात, “हे त कष्टाचं हाये.”

चांद्याला धुऊन आणल्यावर बाबांनी पेटाऱ्यातून एक जुना चामड्याचा पट्टा काढला. चांद्याच्या आधीच्या बैलाच्या गळ्यात असे. घुंगरे गळून गेली होती, पण चामडे तेल पिऊन पिऊन जिभेसारखे मऊ झाले होते. मला वाटले चांद्याला घालणार. बाबा तो घेऊन दादाजवळ गेले. विळ्याने त्याच्या दोन पट्ट्या कापल्या, प्रत्येकीची कडी वळवली आणि म्हणाले, “पाह्य. हे कापत नाई.”

दादाने एक चामडी कडी हँडलखाली आणि दुसरी चाकाच्या दांड्यावर बसवली. दोन्ही वळणाऱ्या अंगावर. चासीवर एकही नाही. त्यांच्यातून वायर घातली आणि वर हँडलपाशी तिला एक सैल वळसा दिला. मी शाईची खूण केली. दादाने गाडी दाबली. खूण कडीतून आत गेली, आणि सोडताच बाहेर आली. वायर कोठेही फुगली नाही.

चंपतकाका आपली सजवलेली जोडी घेऊन तोरणाकडे निघाले होते. थांबले. “जानराव, तुह्या गाडीच्या गयात बी पट्टा आला. आन, उभी कर आमच्या रांगंत.”

“शिंगं नाईत काका तिले.”

“त्या दिवशी नाल्यात तुले मारलं ते काय होतं मंग?”

पोळा झाला. मी ठरवलेली मुदत संपली. आज सकाळी नाव काढून घेण्याचा अर्ज स्वच्छ अक्षरात लिहिला आणि शेलूबाजारच्या टपालपेटीत टाकण्यासाठी दादाच्या हाती दिला. त्याने तो उघडून वाचला, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. “ब्रेक पाह्यतो नाल्यात, मंग टाकतो,” तो म्हणाला. ब्रेकचा आणि टपालाचा काय संबंध, हे मी विचारले नाही. रडूही आले नाही. अक्षर बरे आले होते.

१ सप्टेंबर, शनिवार

नाला पार झाला. जाताना आणि येताना, भरलेल्या कॅनांसह. वळणावर गाडी वळली, दगडांवर उडाली, आणि पलीकडच्या काठावर दादाने मूठ दाबताच ती बाभळीच्या कितीतरी अलीकडे शहाण्यासारखी उभी राहिली. भाऊसिंगांनी कॅनचे झाकण उघडून आत पाहिले. “दूधच हाये,” त्यांनी जाहीर केले.

परत आल्यावर मी सर्वांच्या आधी वाकून खूण पाहिली. निळी रेघ आपल्या जागी होती. मान वर केली तर बाबा, माय, दादा, भाऊसिंग सगळे गाडीकडे न पाहता माझ्याकडे पाहत होते. मला अतिशय संकोच वाटला. माझ्या गालाला शाई लागली असावी.

३ सप्टेंबर, सोमवार. वाशीमहून परत आल्यावर

मायने आज अंधारातच उठवले. भाकर आणि ठेचा फडक्यात बांधलेला होता. माझे इस्त्रीचे लुगडे, जे मी जूनमध्ये दुमडून ठेवले होते, ते खाटेवर होते.

अंगणात दादा गाडी चालू करून उभा होता. कॅन एकही नव्हता. मागच्या बैठकीवर पोत्याची उशी शिवून बसवलेली. मायचा टाका मी कोठेही ओळखीन.

“बस,” दादा म्हणाला.

“कुठे?”

“अवं, तुही एस.टी. निंगून जाईन. मले बी दुकानात जायचं हाये. दूध दुसऱ्या खेपीले.”

मी गाडीकडे पाहिले. फळी, जिच्यावर माझे पाय नेमके टेकतील. तारेची जाळी, जी फक्त डाव्या अंगाला आहे. ज्या अंगाला लुगडे येते. पत्र्याची पेटी. तिच्यात माझा शब्दकोश आधीच ठेवलेला होता आणि तो इतका नीट बसला होता की बाजूने बोटही जाईना. मी या गाडीविषयी दीड महिना लिहीत आहे. मागची पाने आता वाचवत नाहीत.

“तुमी सांगतलं काहून नाई मले?” मी मायला विचारले.

“मांगं वसतिगृहाचं सांगून बसलो अन् तू बॅग भरून बसली,” माय म्हणाली. “मंग ते नाई झालं. पुन्ना तुह्ये तोंड तसं कोन पाह्यन?”

बाबा गोठ्यातून बाहेर आलेच नाहीत. आत गुणगुणणे चालू होते.

बसण्यापूर्वी मी वाकून दोन्ही चामडी कड्यांतून बोट फिरवले आणि हँडल स्वतः डावीकडे वळवून पाहिले. दादा थांबून राहिला. त्याने घाई केली नाही. नाल्याच्या वळणावर लोक डोळे मिटतात तसे मी मिटले नाहीत. मला वायर बघायची होती. ती कडीतून सरकली, परत आली. फाट्यावर पोहोचलो तेव्हा माझ्या पायाला चिखल नव्हता, आणि एस.टी.चा कंडक्टर गाडी बघायला खाली उतरला.

कॉलेजात विचारून आले. हजेरी सबंध वर्षाची धरतात. आजपासून एकही दिवस चुकवला नाही, तर भरते.

संध्याकाळी दादाने फाट्यावरून घरी आणल्यावर पेटीतून शब्दकोश काढताना दिसले की पत्र्याचे झाकण खडखडू नये म्हणून दादाने त्याच्या कडेला कागदाची जाड घडी दाबून बसवली आहे. कोपऱ्यावरची दोन अक्षरे दिसत होती. ओळखीची होती, आणि बरी आलेली होती.

घडी मी काढली नाही. काढली तर झाकण वाजेल.